गेमिंग पीसीच्या फॅनचा आवाज दर उन्हाळ्यात परत येतो, त्याची कारणं आणि उपाय

नागपुरात मार्चची वीस-पंचवीस तारीख उलटली की आमच्या घरातला गेमिंग पीसी घरघरायला लागतो. सलग तीन उन्हाळे हेच झालं. दिवाळीच्या साफसफाईत तो उघडून झटकायचा, थंडीभर तो निमूट चालायचा, आणि एप्रिल लागला की रात्री दहानंतर पुन्हा तेच. पीसी धाकट्या भावाचा. तो कानाला हेडफोन लावून बसतो, त्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नाही. त्रास होतो तो त्याच खोलीत झोपणाऱ्या आईला. "बाप्पा, थे बंद कर ना, डोकं उठलं माझं," असं ती म्हणाली की भाऊ मुकाट्याने गेम बंद करायचा, आणि मला दोघांचंही वाईट वाटायचं.

पहिल्या वर्षी धूळ काढली. दुसऱ्या वर्षी दुकानात नेला. त्यांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याचा कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली आणि लिक्विड कूलर घ्यायचा सल्ला दिला. तिसऱ्या वर्षी दोन नवे फॅन आणून बसवले, तर आवाज उलट वाढला. प्रत्येक उपाय काही आठवडे पुरला आणि मग गेला. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की आता एक पैसाही खर्च करायचा नाही, आधी आवाज का येतो तेच शोधायचं. साफ करूनही ज्यांचा आवाज पुन्हा पुन्हा परत येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पीसीची माहिती आधी देतो, कारण अशी जुळणी बऱ्याच घरांत आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्याच खोक्यात मिळालेला रेथ स्टेल्थ कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड, आणि पुढे काच असलेलं, रंगीत दिव्यांच्या फॅनचं कॅबिनेट.

कोणता फॅन ओरडतोय?

"पीसी आवाज करतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कॅबिनेटमध्ये सहा-सात फॅन असतात आणि लांबून सगळ्यांचा एकच गोंगाट ऐकू येतो. जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या, त्याची नळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका फॅनसमोर चार बोटांवर धरा. नळी फिरत्या पात्यांच्या जवळ न्यायची नाही, आणि बाजूचं झाकण काढलं असेल तर जास्तच जपायचं. पाच मिनिटांत आवाज वेगळे होतात. मला तरी हे कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा उपयोगी पडलं.

नुसता वाऱ्यासारखा भरून येणारा आवाज म्हणजे फॅन ठीक आहे, फक्त वेगाने फिरतोय. तिथे कारण उष्णतेत शोधायचं. खरखर किंवा करकर, तीही पीसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं जास्त आणि मग कमी, म्हणजे बेअरिंग. नेमाने येणारी टिकटिक म्हणजे पात्याला एखादी वायर घासतेय. घूं-घूं असा चढणारा-उतरणारा आवाज म्हणजे दोन फॅन जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नाही, अशा वेगाने फिरताहेत. आणि बारीक, शीळ घातल्यासारखा आवाज, जो गेमच्या मेनूमध्ये वाढतो आणि माउस हलवला तरी बदलतो, तो फॅनचा नसतोच. तो ग्राफिक्स कार्डावरच्या किंवा एसएमपीएसमधल्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, कॉइलचा असतो. लोक त्यापायी फॅन बदलत बसतात.

नळीने अंदाज आला की फॅन कंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक फॅन हाताने वर-खाली करून खात्री करा. सगळे ३० टक्क्यांवर आणा, मग एकच ७० वर न्या, ऐका, परत खाली आणा, पुढचा घ्या. त्या वेळी गेम चालू ठेवू नका.

आमच्याकडे एक नाही, तीन गोष्टी सापडल्या. प्रोसेसरचा फॅन वाऱ्यासारखा वाजत होता, म्हणजे तो फक्त जोरात फिरत होता. मागचा जुना फॅन खरखरत होता. आणि आदल्या वर्षी आणलेले दोन नवे फॅन कितीही टक्के लावले तरी पूर्ण वेगानेच फिरत होते.

त्या नव्या फॅनचा उलगडा सोपा निघाला. ते तीन पिनांचे होते आणि मदरबोर्डवर चार पिनांच्या जागी लावले होते. तसं लावायला हरकत नसते, पण बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्या जागेचा प्रकार पीडब्ल्यूएम ठेवलेला होता. चार पिनांचा फॅन चौथ्या तारेवरच्या इशाऱ्याने वेग कमी-जास्त करतो. तीन पिनांच्या फॅनला ती तारच नसते, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवावा लागतो. पीडब्ल्यूएममध्ये त्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि तो सुसाट सुटतो. बायोसमध्ये त्या जागेपुढे डीसी, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणारा प्रकार, निवडला आणि दोन्ही फॅन त्याच क्षणी शांत झाले. वर्षभर आईने जे ऐकलं त्यातला मोठा वाटा या एका सेटिंगचा होता, हे कळल्यावर मन खरंच खट्टू झालं. तुमचे फॅन मदरबोर्डऐवजी थेट एसएमपीएसच्या जाड मोलेक्स कनेक्टरला लावलेले असतील तर त्यांनाही कायम १२ व्होल्टच मिळतात आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमधून ते उतरत नाहीत. स्वस्त रंगीत फॅनच्या संचात हे फार दिसतं. त्यांना मदरबोर्डच्या जागेवर आणा. साधारणपणे एका जागेवर १ अँपिअरपर्यंत भार चालतो, तेव्हा फॅनच्या मागच्या चिकटपट्टीवरचे आकडे बेरीज करून मगच स्प्लिटर (एका जागेवर दोन-तीन फॅन जोडणारी वायर) लावा.

पण उन्हाळ्यातच का?

धूळ तर बाराही महिने बसते. मग आवाज नेमका एप्रिलमध्ये का परत येतो? उत्तर मला वहीत आकडे मांडल्यावर मिळालं.

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधला फरक आटोक्यात ठेवतो. खोली जितकी चढली, जवळपास तितकाच प्रोसेसर चढतो. जानेवारीत आमच्या खोलीत २१ अंश होते आणि त्याच गेममध्ये प्रोसेसर ६९ वर होता, फरक ४८. मे महिन्यात रात्री अकरा वाजता खोली ३६ वर आणि प्रोसेसर ८२ वर. फरक ४६, तोही फॅन जास्त जोराने फिरून. म्हणजे पीसी बिघडला नव्हता. तो जानेवारीत जसा होता तसाच होता.

बिघडलं होतं ते फॅनचं कोष्टक, ज्याला फॅन कर्व्ह म्हणतात. ते ठराविक तापमानाला बांधलेलं असतं. ६९ अंशांवर आमचा फॅन मिनिटाला १,५०० फेरे घेत होता आणि ८२ वर २,४००. फॅनचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. फेरे दुप्पट झाले तर साधारण १५ डेसिबल वाढतात. १,५०० वरून २,४०० म्हणजे १० डेसिबलच्या आसपास, आणि १० डेसिबल वाढ कानाला जवळजवळ दुप्पट मोठी वाटते. एवढं करून थंडावा किती मिळाला? दोन अंश.

हे गणित उलटंही तितकंच खरं आहे. वेग वीस टक्क्यांनी खाली आणला की पाच डेसिबल कमी होतात, आणि तापमान बहुतेक वेळा दोन-तीन अंशांनीच वाढतं. त्यामुळे या सगळ्या खटाटोपात माझा क्रम ठरला: आधी उष्णता कमी करायची, मग हवेची वाट मोकळी करायची, मग कोष्टक बदलायचं, आणि खरेदी अगदी शेवटी. दुकानात हा क्रम उलटा सांगितला जातो.

उष्णताच कमी तयार होऊ द्या

याचा सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि याला रुपयाही लागला नाही.

ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करा. आरटीएक्स ३०६० पूर्ण ताकदीने १७० वॅट खातं आणि ते सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन कॅबिनेटमध्येच पडतात. प्रोसेसरचा कूलर तीच गरम हवा ओढतो. आमच्या प्रोसेसरचा फॅन ओरडत होता तो मुख्यतः कार्डामुळे, हे मला फार उशिरा कळलं.

पहिलं काम फ्रेमवर, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्यावर, मर्यादा. भावाचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा; गेम मात्र १६०-१७० फ्रेम काढत होता. मॉनिटर जे दाखवूच शकत नाही त्यासाठी वीज, उष्णता आणि आवाज. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ७५ केला. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये मेनूसाठी वेगळी मर्यादा लावता येते, तीही लावा. मेनूत फ्रेम उगाच कितीतरी वर जातात आणि ती शीळ तिथेच सगळ्यात जोरात येते. स्पर्धात्मक खेळणाऱ्यांना जास्त फ्रेम हव्या असतात हे मला मान्य आहे. भावाचं आणि माझं यावर दोन दिवस वाजलं. शेवटी त्याच्या त्या एका गेमसाठी मर्यादा १२० ठेवली आणि बाकी सगळ्यांसाठी ७५.

दुसरं काम अंडरव्होल्ट. कंपनी प्रत्येक कार्डाला थोडं जास्तच व्होल्टेज देते, कारण एखादा कमजोर चिपही त्यावर चालायला हवा. आफ्टरबर्नर हे कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर उघडून कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची रेषा येते. ०.८७५ व्होल्टचा ठिपका १,८०० मेगाहर्ट्झवर नेला, त्याच्या उजवीकडची रेषा सपाट केली, आणि लागू केलं. आमचं कार्ड १३० वॅटच्या आत आलं आणि फ्रेममधला फरक डोळ्याला कळला नाही. तुमच्या कार्डाला हेच आकडे मानवतील असं नाही. गेम बंद पडला किंवा स्क्रीनवर रंगीत ठिपके आले तर २५ मेगाहर्ट्झने खाली या आणि पुन्हा तासभर खेळून बघा. एवढं करायचं नसेल तर त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर लिमिट' ८० टक्क्यांवर आणा. तेही चालतं, फक्त फ्रेम थोड्या जास्त जातात.

प्रोसेसरसाठी बायोसमध्ये जावं लागतं. रायझन ५ ५६०० ची वीज ओढण्याची कमाल मर्यादा, पीपीटी, ७६ वॅट असते. 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह'मध्ये हाताने ती ६० केली आणि 'कर्व्ह ऑप्टिमायझर' सगळ्या कोअरना उणे १५ दिला, म्हणजे त्यांचं व्होल्टेज थोडं उतरवलं. नाव ओव्हरड्राइव्ह असलं तरी इथे आपण त्याचा उपयोग लगाम घालायला करतोय. इंटेलवाल्यांना हाच लगाम पीएल१ आणि पीएल२ या मर्यादांतून घालता येतो.

हवेची वाट

एक साधी परीक्षा करा. गेम चालू करून वीस मिनिटं थांबा, तापमान लिहा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं तर हवा बरी खेळतेय. आमचं सात अंशांनी उतरलं. म्हणजे पीसी गुदमरत होता.

कारण समोर होतं: ती पुढची काच. काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, आणि तीन फॅनना लागणारी सगळी हवा त्या फटींतून. काच चार स्क्रूंवर असते. ती काढून कपाटात ठेवली आणि त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली नायलॉनची मच्छरजाळी चुंबकाच्या पट्टीने लावली. दिवे आता जाळीतून दिसतात. भावाला ते काचेपेक्षा जास्त आवडले. जाळी महिन्यातून एकदा निघते, नळाखाली धुतली जाते, पूर्ण वाळली की परत लागते. पुढे तीन फॅन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा अशी रचना ठेवली, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींतून न शिरता जाळीतच अडते.

आता धुळीविषयी, आणि इथे आपल्याकडच्या कूलरविषयी बोललंच पाहिजे. विदर्भात उन्हाळा डेझर्ट कूलरशिवाय निघत नाही. खोली ३८ वरून ३० वर आली तर पीसीलाही त्याचा थेट फायदा आहे, म्हणून कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. पण कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका. जुन्या वाळ्याच्या ताट्यांतून बारीक तुषार उडतात, आपलं बोअरचं पाणी जड, आणि त्यातला क्षार पांढऱ्या भुकटीसारखा आत बसतो. आमच्या हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरच्या फॅनखालच्या धातूच्या पत्र्यांवर, कोरडी धूळ नव्हतीच. फॅनचे स्क्रू काढून तो उचलला तेव्हा खाली पत्र्यांवर राखाडी लोकरीचं घोंगडं पसरल्यासारखा थर होता. नखाने एक टोक उचललं तर अख्खा अखंड तुकडा सोलून हातात आला. त्यात गादीचा कापूस होता, देवघरातल्या उदबत्तीची काजळी होती, फोडणीचा तेलकटपणा होता, आणि कूलरच्या ओलाव्याने ते सगळं थापून बसलं होतं. असा थर वरवर ब्लोअर मारून निघत नाही. दिवाळीला आम्ही नेमकं तेच करत होतो. फॅनच्या पात्यांवरची धूळ जायची, खालचं घोंगडं तसंच राहायचं.

म्हणून फॅन काढून साफ करा. रंगाचा एक इंची मऊ ब्रश आणि घरगुती ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो त्याच्या क्षमतेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. आमचा मागचा फॅन बहुधा तसाच गेला. एसएमपीएस मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. बाहेरूनच हवा मारा.

पेस्ट बदलायची असेल तर एएम४ सॉकेटच्या, म्हणजे आमच्यासारख्या रायझन प्रोसेसरवाल्यांनी एक काळजी घ्या. वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, चारही स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सैल करा आणि मगच उचला. परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. दर वर्षी पेस्ट बदलायची गरज मला वाटत नाही. दोन-तीन वर्षांनी पुरे.

फॅनचं कोष्टक

उष्णता उतरली आणि वाट मोकळी झाली की मगच कोष्टकाला हात लावा. आधी लावलात तर फॅन गप्प होईल आणि प्रोसेसर ९० वर जाऊन स्वतःच वेग कमी करेल; या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे.

रायझनची एक खोड आहे. ब्राउझर उघडला तरी एखादा कोअर क्षणात वर उसळतो, तापमान दहा अंशांनी चढतं आणि दोन सेकंदांत उतरतं. फॅन त्याच्यामागे धावतो आणि दिवसभर हुंऽऽ-हुप्प असा उचकीसारखा आवाज येत राहतो. सतत चालणाऱ्या आवाजाला कान सरावतो, असल्या चढउताराला नाही. झोपलेल्या माणसाला तर तोच उठवतो. यावर उपाय म्हणजे फॅनला थोडा धीर धरायला लावणं. बायोसमध्ये 'स्टेप अप टाइम' किंवा तत्सम नावाचं सेटिंग असतं, ते चार-पाच सेकंदांवर न्या. हीटसिंकच्या धातूला तापायला तेवढा वेळ लागतोच, त्यामुळे काही नुकसान होत नाही.

आमचं सध्याचं कोष्टक असं: ६० अंशांपर्यंत सरळ ३० टक्के, ७० ला ४०, ७८ ला ५५, ८५ ला ८०, आणि ८८ ला पूर्ण. थंडीत हे गरजेपेक्षा सैल आहे, पण दोन वेगळी कोष्टकं सांभाळण्यापेक्षा उन्हाळ्याला पुरेल असं एकच बरं.

कॅबिनेटचे फॅन बहुतेकांनी प्रोसेसरच्या तापमानाला जोडलेले असतात, कारण मदरबोर्डला तेवढंच कळतं. पण गेममध्ये जास्त उष्णता कार्डाची असते. फॅन कंट्रोलमध्ये हे फॅन कार्डाच्या तापमानाला जोडता येतात. त्यामुळे ब्राउझर, अभ्यास, सिनेमा या वेळी ते हलत नाहीत, आणि गेम सुरू झाला की सावकाश चढतात. मला हा बदल सगळ्यात आवडला. काही फॅन एका ठराविक वेगाच्या पट्ट्यात घुमतात, आमचे ९०० ते १,००० च्या मध्ये. तो पट्टा कोष्टकात टाळून ८५० वरून एकदम १,०५० वर उडी दिली.

आणि हे सगळं नीट लावूनही आवाज अचानक परत आला, तर आधी सेटिंग जागेवर आहेत का ते बघा. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. त्यामुळे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही वर्षांत उतरतो आणि बायोस मूळ पदावर जातो. घड्याळ मागे पडलेलं दिसलं की समजा. सेल स्वस्त असतो, बदलून टाका आणि सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग जातात. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने विनरिंग० हा जुना ड्रायव्हर अडवायला सुरुवात केली, तेव्हा त्यावर चालणारी फॅन कंट्रोलसारखी बरीच सॉफ्टवेअर बंद पडली. त्या काळातलं फॅन कंट्रोल अजून वापरत असाल तर नवी आवृत्ती घ्या.

उरलेले आवाज

मागचा खरखरणारा फॅन. चिकटपट्टी सोलून, खाली रबरी बूच असेल तर ते काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. खोबरेल किंवा गंज काढायचा फवारा वापरू नका, दोन्हींनी पुढे बिघडतं. आमचा फॅन दोन महिने गप्प राहिला आणि परत सुरू झाला, मग बदलला. तेल म्हणजे नवा फॅन येईपर्यंतची सोय समजा. नवा घेताना चार पिनांचा, फ्लुइड बेअरिंगचा घ्या, आणि जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा. तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो.

कॅबिनेट लाकडी टेबलावर असेल तर टेबलच वाजतं. चार पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दुहेरी तुकडे ठेवा. ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क असेल तर तिचा १२० हर्ट्झचा गुंजारव लोखंडी कपाटात शिरून दुप्पट वाटतो. कॅबिनेट कपाटापासून हातभर लांब घ्या. आमच्याकडे एवढ्यानेच आईच्या उशीपाशी येणारी थरथर गेली.

कॉइलची शीळ फ्रेमच्या मर्यादेने बरीच उतरते, पूर्ण जात नाही. आमच्या कार्डात ती थोडी अजून आहे.

टेपवरची नोंद

कॅबिनेटच्या मागे कागदी टेपची एक पट्टी चिकटवली आहे. दर दोन महिन्यांनी तोच गेम अर्धा तास चालवून तीन आकडे लिहितो: खोली, प्रोसेसर, फेरे. नोंद घेताना खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक बघायचा. फरक तेवढाच असेल आणि दोन्ही आकडे सोबत चढले असतील तर तो ऋतू आहे, पीसीला हात लावायचा नाही. फरकच पाच-सहा अंशांनी वाढला तर धूळ किंवा पेस्ट, तेव्हाच उघडायचा. यामुळे उगाच साफ करणं थांबलं आणि गरज असताना साफ करायचं राहूनही जात नाही.

यंदाच्या नवतपातली नोंद: खोली ३५, प्रोसेसर ७२, फेरे १,४५०. त्या रात्री भाऊ साडेबारापर्यंत खेळत होता. आई त्याआधीच झोपली होती.